शेपूट

मंगळवार, रात्र

माझ्या सुपरकंडक्टरच्या पोस्टरबद्दल सर एवढंच म्हणाले, "पोस्टरवर झिरो फील्डचा ग्राफ ठेव फक्त. ती शेपटं दिसली की लोकांना वाटतं सॅम्पल खराब आहे." आणि पुढच्या मीटिंगला निघून गेले. रागानं नाही, सहज. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. जेवताना आईनं विचारलं, आमटी अळणी झालीय का. नव्हती.

झिरो फील्डचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र न लावता काढलेला ग्राफ देखणा आहे, मान्य. सुपरकंडक्टर पुरेसा थंड झाला की त्याचा रेझिस्टन्स शून्य होतो. नव्वद केल्व्हिनपाशी (उणे 183 अंश सेल्सिअस) तो ढासळतो आणि पंच्याऐंशीच्या आसपास तळाला टेकतो. पण खरी गोष्ट फील्ड लावल्यावर सुरू होते. थरांना लंब फील्ड दिलं की ग्राफचा वरचा खांदा जवळजवळ जागेवर राहतो आणि पाय घसरत जातो, 5 टेस्लाच्या फील्डला पार चाळीसच्या खाली. हीच ती शेपटं. नायोबियम-टायटॅनियमसारख्या साध्या सुपरकंडक्टरमध्ये अख्खा ग्राफच थंडीकडे सरकतो, कडा तशीच ताठ. इथं तो फाकतो.

खराब सॅम्पल! 1988 साली बेल लॅब्समध्ये पाल्स्ट्रा, बॅटलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माझा तुकडा ज्या बिस्मथवाल्या कॉपर ऑक्साइडच्या कुटुंबातला, त्याच कुटुंबातल्या क्रिस्टलवर 12 टेस्लापर्यंत मोजमाप केलं. शेपटं तिथंही होती, आणि त्यांनी नेमका त्यांचाच अभ्यास केला.

मला एवढं का लागलं? सर चुकीचं बोलले म्हणून नसावं. पोस्टरसमोर कुणी दोन मिनिटांवर थांबत नाही, हे मलाही कळतं. पण त्या काळ्या चकचकीत तुकड्यावर मायक्रोस्कोपखाली तारा जोडायला सिल्व्हर पेस्टचे चार ठिपके ठेवताना श्वास सुद्धा जपून घ्यावा लागतो. चिकटपट्टीनं सोललं की अभ्रकासारखा पापुद्रा निघतो, तो हाललाच तर तार सुटते. पुन्हा सगळं पहिल्यापासून. चुंबक आपल्याकडे नाही, दुसऱ्यांच्या दारात जाऊन नंबर लागेल तेव्हा मोजायचं. तिकडे स्नेहा पुण्यात फ्लॅट बघतेय. आणि मी कशासाठी बसलेय तर शून्याला न पोचणाऱ्या रेघांसाठी. जाऊ दे, स्नेहाचा विषय नको.

रविवारी कागलला बापूकाकांच्या गोठ्यात डेअरीचे डॉक्टर आले होते. नायट्रोजनच्या कॅनचं झाकण काढलं, पांढरी वाफ काठावरून जमिनीकडे उतरली, त्यांनी चिमट्यानं कृत्रिम रेतनाची स्ट्रॉ उचलली. मी काकांना म्हटलं, या 77 केल्व्हिनच्या थंडीत माझ्या तुकड्याचा रेझिस्टन्स शून्य असतो, पण मोठं फील्ड लावलं की त्याच थंडीत परत येतो. काका म्हणाले, "मग अडतंय कुठं?"

आज रात्री कळतंय, प्रश्न नेमका होता. कारण अडलेलं असतं तेव्हाच शून्य असतं. फील्ड आत शिरतं ते गोल फिरणाऱ्या करंटच्या बारीक भोवऱ्यांच्या रूपानं, प्रत्येकात ठरलेलंच फ्लक्स, म्हणजे फील्डचा ठरलेला वाटा, 2.07 × 10⁻¹⁵ वेबर. 1 टेस्लाला दोन भोवऱ्यांत जेमतेम 50 नॅनोमीटर. करंट सोडला की तो त्यांना बाजूला ढकलतो. क्रिस्टलमधल्या एखाद्या दोषाला ते अडकून बसले तर रेझिस्टन्स नाही. सुटले, सरकायला लागले, की व्होल्टेज उभं राहतं. आणि आमच्या बिस्मथमध्ये कॉपर ऑक्साइडच्या थरांच्या जोड्या दीड नॅनोमीटर अंतरावर, मधलं नातं अगदी सैल. त्यामुळे भोवरा सलग दोरीसारखा उभा राहत नाही, थराथरात वेगळी चकती होते. टोपलीतल्या भाकऱ्यांच्या चळतीला धक्का लागला की प्रत्येक भाकरी आपापली सरकते, तसं. उष्णतेची थोडी हालचाल पुरते. ज्यांच्यामुळे सुपरकंडक्टिव्हिटी असते त्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या तिथंच असतात, मोडलेल्या नसतात. म्हणून वरचा खांदा हलत नाही.

म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी कुठं गेलेली नाही. शेपटाच्या प्रत्येक बिंदूवर ती आहे. हेच पोस्टरवर दिसू द्यायचं नाही म्हणतात, म्हणून लागलं बहुतेक.

मघाशी आई दूध ठेवून गेली तेव्हा ग्राफ दुसऱ्या तऱ्हेनं काढून पाहिला. रेझिस्टन्स लॉग अक्षावर (प्रत्येक पायरी दहापट), आडवा अक्ष एक भागिले तापमान. शेपटं सरळ झाली! 1, 3, 5 टेस्ला, तीन स्वच्छ रेघा, फील्ड वाढेल तसा उतार कमी. उतार म्हणजे भोवऱ्याला सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा. कितीतरी वेळ नुसती बघत बसले. सरांनाही रेघा सरळ आवडतात. पोस्टरवर झिरो फील्डचा ग्राफ राहू दे मोठा, त्यांच्या मनासारखा, शेजारी हा छोटा चौकोन बसवेन आणि उद्या सकाळी मीटिंगआधीच दाखवेन. नाही म्हणाले तर म्हणाले, प्रबंधात तर जाणारच आहे.

थरांना समांतर फील्ड देऊन मोजायचं अजून राहिलंय. तिथं शेपूट खूपच आखूड यायला हवं. नंबरासाठी आत्ताच मेल टाकते, म्हणजे दिवाळीच्या आत मिळेल.