टानफारमर

मागच्या मंगळवारी भर दुपारी आमच्या गावचे एक काका दुकानात आले. दुकान म्हणजे झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, सातबारा, पीकविमा, मोर्शी तालुक्यात गावोगावी असतं तसंच. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं, अन् काका सायकल हाणत वावरातून थेट इकडं. आधी पाणी प्यायले, मग खिशातून चार घड्या केलेला कागद काढला आणि काउंटरवर तळहातानं सपाट करत म्हणाले, "हे मले नीट टाइप करून दे बाबू. काय लागन थे घे."

नातवाच्या वहीतलं दुरेघी पान होतं. निळ्या पेनानं लिहिलेलं, प्रत्येक शब्दाची वरची रेघ शेवटपर्यंत ओढलेली. मधोमध 'अर्ज', आणि खाली, 'माझ्या वावराजवळचा टानफारमर जळून आठ दिवस झाले. ईलेक्टीक मोटर बंद आहे. संत्र्याला पानी नाही, आंबिया बहार गळून राहिला आहे. तरी साहेबांनी लवकर लाईन चालू करून द्यावी ही विनंती.' टानफारमर आणि ईलेक्टीक या दोन शब्दांभोवती लाल पेनानं गोल केलेले.

गोल कोणी केले विचारलं तर काका जरा थांबले. "तालुक्याले एका हापिसात देला होता. तिथल्या माणसानं मोठ्यानं वाचला, सारे हासले. म्हणे बाबा, आधी नीट लिहून आना."

त्या लाल गोलांचा राग अजून उतरला नाही म्हणून हे लिहून राहिलो. झाडाखाली वाटाण्याएवढ्या फळांचा सडा पडलाय, एका पाण्यावर वर्षाचा पैसा अडलाय, अर्जात काय मागितलंय ते लहान पोरालाही समजेल, आणि त्यावर हसायला काय सापडलं तर एक शब्द, जो ना त्या काकांचा आहे ना त्या हसणाऱ्यांचा.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर मोल्सवर्थचा कोश चाळत बसतो. इंग्रज अधिकारी होता, १८३१ मध्ये त्यानं मराठीचा एवढा मोठा कोश काढला, १८५७ ला दुसरी आवृत्ती निघाली, आता सगळा इंटरनेटवर फुकट आहे. त्यात शब्दापुढं बारीक खूण असते, हा संस्कृत, हा अरबी, हा फारसी. ती खूण बघायची सवय लागली की रोजचा कागद वेगळाच दिसायला लागतो. काकांच्या अर्जाचंच घ्या. 'अर्ज' हा शब्दच मुळात अरबी. अरबीत त्याच्या सुरुवातीला घशातून काढायचा 'ऐन' आहे आणि शेवटी 'दाद' नावाचं अक्षर आहे, जे आपल्या जिभेला जमतच नाही. इराणी लोकांनाही जमलं नाही, त्यांनी त्याचा दातातला ज केला आणि तो आपल्याकडं आला, मग आपण ऐन सोडून दिला आणि सरळ 'अर्ज' लिहिलं. 'साहेब' अरबीत साहिब, मूळ अर्थ सोबती. तारीख, तहसील, मंजूर, हजर, दाखल, वकील, सगळे तिकडचेच, आणि बहुतेक शब्द त्यांच्या मूळ उच्चारासकट आपण ठेवलेले नाहीत. म्हणजे लाल पेन घेऊन बसायचंच असेल तर पहिला गोल पानाच्या डोक्यावर, 'अर्ज'भोवती करावा लागेल. तिथं कोणी करत नाही, कारण तो शब्द चुकीचा लिहून आता कैक पिढ्या झाल्यात.

आता 'टानफारमर' नीट ऐका. ट्रान्सफॉर्मर या शब्दात सुरुवातीलाच ट आणि र जोडलेले, पुढं न, स, फ असे तीन एकमेकांवर चढून बसलेले, आणि मग 'ऑ', जो आमच्या वऱ्हाडी बोलण्यात नाहीच. काकांच्या कानानं काय केलं, तर गर्दीतला एकेक कमी केला, 'ऑ'चा 'आ' केला, आणि बोलता येईल असा सुटसुटीत शब्द तयार केला. हे एकट्या काकांनी केलं नाही. मी इतक्या वर्षांत इतक्या जणांचे हातानं लिहिलेले कागद टाइप केले, सगळीकडं मोडतोड ठरलेल्या जागीच होते. चूक असती तर प्रत्येकाची वेगळी असती. स्टेशनचं टेसन, नंबरचं लंबर, सिग्नलचं सिंगल, डॉक्टरचं डाक्तर. कोणी टेसन न म्हणता इस्टेशन म्हणतं, स्कूलला इस्कूल म्हणतं, म्हणजे स आणि ट किंवा क सोबत आले की आधी इ चा टेका देतं. स्पेनमधले लोक हेच करतात. लॅटिनमधल्या 'स्कोला'चं त्यांनी 'एस्कुएला' केलं, 'स्तात्सिओ'चं 'एस्तासिओन' केलं, आणि ते त्यांच्या शाळेत शुद्ध म्हणून शिकवतात. आमच्या बुढ्यानं इस्टेशन म्हटलं की तो अडाणी.

आणि 'ऑ', 'ॲ' हे तरी आपलेच कुठं होते. डोक्यावरची ती अर्धचंद्राची खूण आपण इंग्रजी शब्दांसाठीच वापरतो. जुन्या छापील मराठीत ब्यांक, कालेज असं सर्रास लिहिलेलं सापडतं, आणि लिहिणारे चांगले शिकलेले लोक होते. आज कोणी 'ब्यांक' लिहिलं तर लोक त्याच्या गावाचं नाव विचारतात.

आमच्याकडच्या शब्दांत मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते 'बीटी'चं. "यंदा बीटी लावली का?" हे वाक्य विदर्भात कापूसवाल्या कोणत्याही धुऱ्यावर ऐकू येईल. बीटी हे एका जिवाणूच्या नावाचं लहान रूप, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. तो जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या अळ्यांच्या रोगात सापडला होता, मग १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर नावाच्या शास्त्रज्ञाला पिठातल्या पाखराच्या अळीत सापडला, आणि ज्या भागात सापडला त्या थुरिंगिया प्रांताचं नाव त्यानं त्याला दिलं. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्या जर्मन प्रांताचं एक अक्षर आमच्या पऱ्हाटीला येऊन चिकटलं. बीटी म्हणजे काय हे विचारलं तर कोणी बियाणं म्हणेल, कोणी पाकीट म्हणेल, शब्द तेवढा पक्का रुजला. 'जीन'चंही तसंच, कापूस जिनात नेला म्हणतो तो जीन म्हणजे इंग्रजांनी 'एंजिन'चं शेपूट तेवढं ठेवून केलेला शब्द. मग विहिरीवरचं डिझेल इंजन वेगळ्या वाटेनं आलं. एकच शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळ्या कामाला लागला.

माझी आजी मात्र या सगळ्यात वरचढ होती. तिच्या चुलीजवळच्या कोनाड्यात एक काचेची दिवटी असायची, औषधाच्या बाटलीची, झाकणाला भोक पाडून त्यात चिंधीची वात. तिला ती चिमणी म्हणायची. मी लहानपणी खूप दिवस समजत होतो की ती पाखराएवढी इवली म्हणून चिमणी, ज्योत चोचीसारखी हलते म्हणून चिमणी. नंतर कळलं की हा इंग्रजी चिम्नी, धुराडं, जो फ्रेंचांकडून आला, त्यांना लॅटिनमधून मिळाला आणि लॅटिनला ग्रीकमधून, तिथं त्याचा अर्थ भट्टी. पण आपल्याकडं आल्यावर त्याला घरातलं पाखरूच भेटलं आणि तो त्याच्यात मिसळून गेला. त्या चिमणीत जायचं घासलेट, म्हणजे 'गॅस लाईट'. उजेडाचं नाव तेलाला लागलं. दुकानदार त्यालाच रॉकेल म्हणायचा, म्हणजे 'रॉक ऑइल', दगडातलं तेल, आणि आजीची बहीण म्हणायची मातीतेल. दगड काय अन् माती काय, अर्थ जवळपास तोच, आणि त्या बाईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. गोठ्यात टांगलेला असायचा कंदील. तो लॅटिन 'कांदेला', ग्रीकांकडून अरबांकडं गेला, तिथं किंदील झाला आणि फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आला. इंग्रजांची कॅण्डल त्याच घरातली. आजीच्या एका संध्याकाळी, लाईन गेल्यावर, इतक्या मुलखांचे शब्द त्या मातीच्या खोलीत पेटायचे, आणि अंगात तिच्या झंपर असायचा, तोही इंग्रजी जंपर, जो तिकडं थंडीत घालायचा स्वेटर आहे.

आता उलट बाजू. वावरात धुऱ्यावरून मुंगूस गेलं की आमच्याकडं दिवस चांगला जाणार म्हणतात. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी हा प्राणी पश्चिम किनाऱ्यावर पाहिला, नाव विचारलं, आपल्या लोकांनी सांगितलं मुंगूस, आणि त्यांनी लिहिलं 'मॉंगूस'. इंग्रजी कोशात आजही हा शब्द मराठीतून आला असं लिहिलेलं आहे. त्यांच्या कानाला शेवटी 'गूस' ऐकू आलं, गूस म्हणजे त्यांचा हंस, आणि स्पेलिंगही तसंच करून टाकलं. मुंगसाचा हंसाशी काय संबंध? काही नाही. आणि त्यामुळं आता त्यांच्याच लोकांची पंचाईत अशी की अनेकवचन करताना गूसचं गीस होतं, मग मॉंगीस म्हणायचं का मॉंगूसेस. बरोबर आहे मॉंगूसेस. आपला शब्द त्यांनी चुकीचा ऐकला, चुकीचा लिहिला, त्यात त्यांच्या घरचा पक्षी घुसवला, आणि तोच आता जगभर बरोबर आहे. आजीच्या चिमणीत आणि त्यांच्या हंसात मला तर काहीच फरक दिसत नाही. तेलुगूत त्याला मुंगिस म्हणतात, तेव्हा आपण आणि तेलुगू लोकांनी कोणाकडून कोण घेतला हा वेगळाच विषय, विदर्भाची ती सीमा फार जुनी आहे.

हे सगळं काकांना त्या दुपारी मी सांगायला लागलो. त्यांना मुंगसाचं आवडलं, पण त्यांचं लक्ष बागेत होतं, म्हणून मी संत्र्याचं सांगितलं. आपलं नारिंग, संस्कृतात नारंग, ते इराणात गेलं, अरबांनी त्याचं नारंज केलं, स्पेनमध्ये नारांखा झालं, आणि इटली-फ्रान्सकडं जाता जाता पुढचा न आधीच्या शब्दाला चिकटून गळून गेला, ते झालं ऑरेंज. "म्हंजे त्याईनं न पाडला," काका म्हणाले, "आपन ऑ पाडला." मी म्हटलं हो, अगदी असंच. 'संत्रा' पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं लिहिताना 'संगतरा' लिहिलाय, आणि तो १५३० मध्ये वारला. पोर्तुगीजांनी गोवा घेऊन तेव्हा वीसच वर्षं झाली होती. एवढ्या वेळात एका फळाचं नाव गोव्याहून आग्र्यापर्यंत पोचेल हे मला पटत नाही.

टाइप करून झालं. मी 'ट्रान्सफॉर्मर' लिहिलं, 'इलेक्ट्रिक' लिहिलं, पाणीचा ण केला. मनात नव्हतं. पण कागद परत आला असता तर झाडांचं गेलं असतं, आणि माझ्या रागापेक्षा त्या झाडांना पाणी जास्त गरजेचं होतं. खाली दिनांक, गट नंबर, सहीची जागा. प्रिंट काढली.

काकांनी चष्मा लावला आणि सही करायच्या आधी पूर्ण अर्ज बोट ठेवून मोठ्यानं वाचला. माझ्या जोडाक्षरांवर त्यांचं बोट आलं तेव्हा क्षणभरही अडलं नाही.

"माझ्या वावराजवळचा टानफारमर जळून," त्यांनी वाचलं, "बराबर हाय," आणि सही केली.

त्यांचा हातानं लिहिलेला कागद मी विचारून ठेवून घेतला. काउंटरच्या काचेखाली आहे, लाल गोलांसकट.