तीन सेकंदांची सवड

मंगळवार, मध्यरात्र उलटून गेल्यावर

आज आमच्या ऑनलाइन खेळातल्या लोथेब या बॉससमोर आमचा दहा जणांचा गट पाच वेळा गारद झाला, आणि चौथ्या वेळेनंतर मी सगळ्यांच्या देखत आमच्या ड्रुइडला, म्हणजे माझ्यासोबत गटाच्या जखमा भरणाऱ्या दुसऱ्या हीलरला, बोलले. ‘टँक दोनदा तुझ्या डोळ्यांसमोर मेला, तुझे आकडे माझ्या निम्मेसुद्धा नाहीत, जरा मनावर घे,’ हे माझे शब्द. (टँक म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेणारा खेळाडू, आणि आकडे म्हणजे हीलिंगचे.) त्याने वाद घातला नाही. ‘बरं ताई, बघतो,’ एवढेच म्हणून तो गप्प झाला, आणि पाचव्या लढाईत व्हॉइस चॅटवर कुणीच फारसे बोलले नाही. ज्या आकड्यांच्या बळावर मी बोलले ते आकडे खोटे नव्हते, हे इथे आधी लिहून ठेवते, कारण मला झोप येत नाही ती नेमकी त्यामुळेच.

लोथेब हा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या नॅक्सरामसच्या रेडमधला, म्हणजे गटाने मिळून करायच्या चढाईतला, बॉस. २००८ साली आलेल्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात त्याची जी रचना होती, तीच २०२२ मधल्या क्लासिक आवृत्तीत आम्ही खेळतो आहोत. त्याच्या नेक्रॉटिक ऑरा या शापामुळे १७ सेकंद कुणावरही हीलिंग लागू पडत नाही, मग तीन सेकंदांची सवड मिळते आणि लगेच पुढचे १७ सेकंद सुरू होतात. म्हणजे दर २० सेकंदांतल्या फक्त तीन सेकंदांत टँकचे रक्त भरून काढायचे असते. माझी होली प्रीस्ट आणि त्याचा ड्रुइड असे आम्ही दोघेच हीलर. टँक मेला तर दोष दोघांपैकी एकाचा, असा माझा हिशेब होता, आणि ‘डिटेल्स’ या अ‍ॅडऑनच्या हीलिंगची बेरीज दाखवणाऱ्या पट्टीत सर्वांत वर माझेच नाव झळकत असल्याने तो एक जण कोण, हे मी मनाशी ठरवूनही टाकले होते.

रेड संपल्यावर सवयीने लॉगची, म्हणजे लढायांच्या नोंदींची, फाइल वेबसाइटवर चढवली आणि पहिल्याच मिनिटात एक गोष्ट लक्षात आली. मी रात्रभर पाहत होते ती पट्टी या लढाईची नव्हतीच. संपूर्ण संध्याकाळच्या एकत्रित बेरजेची होती. तिच्यात नॉथ आणि हायगन हे आधीचे बॉस होते, वाटेतले सगळे किरकोळ शत्रू होते. हायगनच्या लढाईत जमिनीतून उसळणाऱ्या लाटांमध्ये ज्यांची पावले चुकली, त्यांना मी गटावर टाकायच्या मंत्रांनी सावरले होते आणि माझी निम्मी बेरीज तिथेच झाली होती. लोथेबशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. आता डोळे मिटताहेत. बाकीचे उद्या नीट वाचेन.

बुधवार, संध्याकाळ

आज दोन तास फक्त तिसऱ्या लढाईच्या नोंदी वाचल्या. आपण लॉग, मीटर आणि पार्सर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांतला फरक मला आज खऱ्या अर्थाने कळला. खेळात स्लॅश कॉम्बॅटलॉग ही आज्ञा दिली की आसपास घडणारी प्रत्येक घटना एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली जाऊ लागते. एका घटनेची एक ओळ, आणि त्या ओळीत सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ, घटनेचा प्रकार, करणारा कोण, कुणावर केले, कोणता मंत्र आणि किती आकडा, एवढे सगळे स्वल्पविरामांनी तोडून मांडलेले असते. हा झाला लॉग. मीटर खेळ चालू असतानाच त्या घटनांची बेरीज करून पट्ट्या दाखवतो. पार्सर तीच फाइल नंतर सावकाश उलगडतो, आणि आपण विचारू त्या प्रश्नाप्रमाणे तिची मांडणी करतो. मी आजवर त्याला एकच प्रश्न विचारत आले होते: मी कितवी आले?

आज पहिल्यांदाच वेगळा प्रश्न विचारला. टँकच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याच्यावर काय काय येऊन पडले?

त्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. रात्री ९ वाजून ४७ मिनिटे आणि ८.११२ सेकंदांनी टँकवरचा ऑरा उतरला. ८.७९० ला माझ्या ग्रेटर हीलची सुरुवात झाल्याची नोंद आहे. ११.११५ ला ऑरा पुन्हा चढला. माझा मंत्र पूर्ण झाला तो ११.२०३ ला. म्हणजे ८८ हजारांश सेकंद उशिरा. माझी सर्वांत मोठी हील बंद दारावर आपटून वाया गेली होती. वीस सेकंदांनंतरच्या सवडीत पाहिले, तर अक्षरशः तोच प्रकार: ऑरा उतरलेला डोळ्यांनी दिसतो, मग मी मंत्र सुरू करते, मंत्राला जवळजवळ अडीच सेकंद लागतात आणि तोवर वेळ टळून जाते. ३९व्या सेकंदाला टँक मेला.

पहिल्या सवडीत टँकला जे काही हीलिंग मिळाले, ते सगळेच्या सगळे ड्रुइडचे होते. त्याने ऑरा चालू असतानाच, सवडीच्या कितीतरी आधी, टँकवर लाइफब्लूम टाकून ठेवला होता. हा मंत्र ठरलेल्या अवधीनंतर फुलतो आणि फुलताना एकदम मोठी हील देतो. तो फुलला ९.४ सेकंदांना, त्या तीन सेकंदांच्या ऐन मध्यावर. थोडे थोडे रक्त भरत राहणाऱ्या रिज्युव्हिनेशन या मंत्राचा एक हप्ताही त्याच सवडीत पडला होता. त्याने घड्याळ मांडून उलटा हिशेब केला होता, आणि मी मात्र दार उघडलेले दिसल्यावर धावत सुटत होते. ज्या लढाईवरून मी त्याला बोलले, त्या लढाईत टँकला जगवण्याचे काम तो एकटाच करत होता.

हे वाचल्यावर बराच वेळ काही सुचले नाही. मग त्याला सरळ निरोप पाठवला: कोणत्या ओळी पाहिल्या, माझी हील कशी चुकत होती, त्याची कशी बरोबर लागत होती, आणि मी काल जे सर्वांसमोर बोलले ते उद्या सर्वांसमोरच मागे घेणार आहे. त्याचे उत्तर आले, ‘ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल लाइफब्लूमचं.’ मला माहीत नव्हते. दुसरा हीलर कसा खेळतो हे जाणून घेण्याची गरजच मला वाटली नव्हती, कारण पट्टीत तो माझ्याखाली होता.

हीलिंगचा आकडा मुळातच फसवा असतो. शत्रूला घातलेल्या घावांची बेरीज निदान शत्रूच्या अंगावर मोजली जाते. पण हीलिंग गटाने जितका मार खाल्ला तितकेच होऊ शकते, त्याहून वरचे सगळे ओव्हरहील म्हणून वाया जाते. गट नीट खेळला तर सर्वच हीलरांचे आकडे खाली येतात. सोबतचा हीलर चपळ असेल, तर आपण मंत्र पूर्ण करेपर्यंत जखम भरलेली असते आणि आपला आकडा पडतो. तरीही ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’वर दिसणाऱ्या रंगांच्या मागे मी वर्षभर धावले आहे: पंचविशीच्या आत राखाडी, मग हिरवा, पन्नाशीपासून निळा, पंचाहत्तरीपासून जांभळा आणि ९५ च्या पुढे नारिंगी. हे शतमान आपल्याला आपल्यासारख्याच हजारो खेळाडूंच्या रांगेत उभे करते आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ असते, हे मी नाकारणार नाही. पण त्या रांगेत टँक जगला की मेला याची नोंद नसते. लोथेबच्या बाबतीत तर घाव घालणाऱ्यांचेही आकडे बिनभरवशाचे, कारण इथे फुटणारे स्पोर, म्हणजे बुरशीचे छोटे शत्रू, जवळच्या मोजक्याच खेळाडूंना क्रिटिकलची, म्हणजे नेहमीपेक्षा जबर घावाची, ५० टक्के जास्त संधी देतात. ज्याच्या वाट्याला स्पोर जास्त आले, त्याचा रंग उजळतो.

लॉगलाही मर्यादा आहेत, हे लिहून ठेवायला हवे. नोंद करणाऱ्याच्या ठरावीक अंतरापलीकडे घडलेले त्याच्यात येत नाही. आणि काय घडले हे तो हजारांश सेकंदापर्यंत सांगतो, पण का घडले याविषयी त्याच्याजवळ एक अक्षरही नाही. एखाद्याने मंत्र उशिरा सुरू केला, तो नेट अडखळल्याने, नजर दुसरीकडे असल्याने की आधी कुणीतरी बोलल्यामुळे हात कचरल्याने, ते ओळीत सापडत नाही. पाचव्या लढाईत ड्रुइडचा एक लाइफब्लूम पूर्ण दोन सेकंद आधीच फुलला आहे. ती पाचवी लढाई माझ्या बोलण्यानंतरची होती.

‘फायनल फँटसी १४’च्या निर्मात्यांनी बाहेरची साधने वापरण्यावर बंदी घातली आहे, आणि तिथे पार्सरचे आकडे दाखवून दुसऱ्याला हिणवले तर कारवाई होऊ शकते. हे मला पूर्वी विनाकारण कडक वाटायचे. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये लॉगमध्ये आपले नाव झाकून ठेवण्याची सोय आहे. पण मला सर्वांत पटली ती ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ची जुनी पद्धत. २०१२ साली तिथे कॉम्बॅट लॉग सुरू झाला, तेव्हा प्रत्येकाच्या फाइलमध्ये त्याने स्वतः केलेले आणि त्याच्यावर आलेले, एवढेच लिहिले जाई. दुसऱ्याचे पाहायचे असेल तर त्याने ते आपणहून दाखवायला हवे. तसा नियम इथे असता, तर काल माझ्यासमोर फक्त माझ्याच ओळी असत्या आणि त्या ८८ हजारांशांपाशी मी कालच पोहोचले असते.

गुरुवार, रात्री अकरा

लढाई सुरू होण्यापूर्वी व्हॉइस चॅटवर सर्वांना सांगितले की मंगळवारी चूक माझी होती आणि ती कोणती होती. टँकने विचारले, मग आता काय करायचे? ड्रुइडने ते समजावून सांगितले, मी नाही. त्याने ऑराची वेळ मोजणारा टायमर सर्वांना लावायला दिला. मी ग्रेटर हील ऑरा उतरायच्या दीड सेकंद आधी सुरू करायची, म्हणजे ती सवडीच्या पहिल्या सेकंदात लागेल आणि उरलेल्या वेळात एक झटपट होणारी फ्लॅश हील बसेल, असे ठरले. दार बंद असताना मंत्र सुरू करायला हात धजत नव्हता. पहिल्या दोन सवडींत मी घाबरून फारच लवकर सुरुवात केली आणि हील ऑरा उतरण्याआधीच संपली. त्या दोन्ही वेळा टँकला पुन्हा एकट्या ड्रुइडनेच तारले. तिसऱ्या सवडीपासून जमू लागले.

लोथेब दुसऱ्या प्रयत्नात पडला. आत्ता फाइल उघडून बसले आहे. या लढाईतही बेरजेत ड्रुइडच वर आहे, आणि टँकच्या रक्ताची रेषा सहाव्या सवडीत एकदा पार तळाशी जाऊन वर आलेली दिसते. तिथे माझी ग्रेटर हील ऑरा उतरल्यानंतर ०.३ सेकंदांनी लागली आहे आणि त्याचा लाइफब्लूम ०.५ सेकंदांनी. सातव्या सवडीत मात्र माझी एकही ओळ नाही. मी तेव्हा काय करत होते ते आठवत नाही. त्याला विचारले, तर म्हणाला, ‘स्पोर अंगावर आला होता, तुम्ही मागे सरकलात ताई.’