आमची वाटचाल: बर्फ न पडणाऱ्या गावातून

आमचं दुकान सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. काम छोट्या इंजिनांचं. फवारणीचे एचटीपी म्हणजे जास्त दाबाचे पंप, तण काढणारे पॉवर वीडर, गवत कापणारे ब्रश कटर, पंपसेट, जनरेटर. दोरी ओढून चालू होणारं काहीही आणा, बघू.

सुरुवात वडिलांची. ते मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे थकलेला पगार आणि हत्यारांची पेटी अशा दोन गोष्टी उरल्या, त्यातली पेटीच कामाला आली. घरासमोर पत्रा टाकून त्यांनी रॉकेलवरच्या पंपसेटची कामं घ्यायला सुरुवात केली. हे इंजिन पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायचं. शेवटची पायरी कुणीच पाळायचं नाही, आमचं घर त्यावरच चालायचं. थंड इंजिनात न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं की गिऱ्हाईक खूश आणि वडील कपाळाला हात लावून बसलेले, हे मी लहानपणी कितीदा तरी पाहिलंय.

२००५ नंतर लोडशेडिंगची वर्षं आली. नवी पेठेत दुकानादुकानापुढे जनरेटर धडधडायचे आणि आम्हाला जेवायला फुरसत नसायची. मग वीज सुधारली, रेशनचं निळं रॉकेल दिसेनासं झालं, जनरेटर माळ्यावर गेले. तोवर सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंब पसरलं होतं आणि डाळिंब म्हणजे फवारणी. तेल्या रोगाची भीती असताना पंप दोन दिवस बंद राहिला तर शेतकऱ्याला झोप लागत नाही. आजही आमचं निम्म्याहून जास्त काम बागांचंच आहे.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक टेबल आहे. त्यावर गिऱ्हाइकाचं काम ठेवायचं नाही, असा वडिलांचा नियम होता आणि तो मी मोडलेला नाही. तिथे फक्त भंगारातून उचललेली, पार्ट न मिळणारी, कुणालाच नको असलेली इंजिनं असतात. रविवारी मी आणि आमचे उस्ताद तिथे बसतो. बायकोच्या मते हा खर्चिक नाद आहे. तो आहेच. पण गिऱ्हाइकाच्या कामात घड्याळ चालू असतं, त्यामुळे पार्ट बदलून मोकळं व्हावं लागतं. तो पार्ट मुळात गेला का, हे विचारायची सवड रविवारच्या टेबलावरच मिळते.

या टेबलावर बसून आम्ही एक मशीन दुरुस्त केलं, ज्याला आजवर हातसुद्धा लावलेला नाही. माझा भाचा टोरांटोजवळ असतो. त्यानं तिथे शेजाऱ्याकडून जुना स्नोब्लोअर घेतला, म्हणजे घरापुढचा बर्फ उचलून लांब फेकणारं मशीन. घेतला कसला, शेजारी कचऱ्यात टाकणार होता तो यानं ओढत आणला. तिकडे रात्रीचे आठ वाजले की इथे सकाळचे साडेसहा. मी चहाचा कप घेऊन मोबाइलसमोर, उस्ताद माझ्या खांद्यावरून वाकलेले आणि भाचा जाड जाकीट घालून गॅरेजमध्ये.

"मामा, चोक ओढला तरच चालतंय बघा. चोक बंद केला की गुरगुरतं आन मरतं."

"टाकीत पेट्रोल कधीचं आहे?" उस्तादांनी विचारलं.

"ते कुणाला माहीत!"

निदान तिथेच झालं होतं. चोक हवा अडवून पेट्रोल जास्त ओढायला लावतो, त्यावरच चालतं म्हणजे इंजिनाला एरवी पेट्रोल कमी पडतंय. जुनं पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर धरतं. तिकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे आता प्रमाण वीस टक्क्यांवर गेलंय, तेव्हा हा आजार इथेही वाढणारच. भाच्याला कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी काढायला लावली. तिचा खालचा नट हाच जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा भाग, होता, त्याच्या आडव्या भोकात सुईचं टोकसुद्धा शिरेना. पोलादी सुई घालू नको म्हटलं, भोक मोठं झालं तर जेटच बाद. वायरमधल्या तांब्याच्या तारेचा एक पदर घेऊन साफ करायला सांगितलं. इंजिन चोकशिवाय चाललं तेव्हा इथे उस्तादांनी टेबलावर थाप मारली.

इंजिनाचं निभावलं, पण त्या मशीनची रचना आम्हाला नवी होती. पुढे मोठा स्क्रू असतो, तो हळू फिरून बर्फ मधोमध गोळा करतो. मागे वेगानं फिरणारा पंखा तो बर्फ नळकांड्यातून भिरकावतो. १९२५ च्या सुमारास क्वेबेकच्या आर्थर सिकार नावाच्या माणसानं हे यंत्र पहिल्यांदा बनवलं, आणि कल्पना त्याला मळणी यंत्रावरून सुचली म्हणतात. ज्वारीच्या मुलखातल्या आम्हाला ते लगेच पटलं. स्क्रू आणि शाफ्ट यांना जोडणारा बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवतात. दगड अडकला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आधीच्या मालकानं तिथे कडक बोल्ट ठोकला होता. मी हसलो, कारण ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला आपल्याकडे लोक हेच करतात आणि मग गिअर घेऊन येतात.

सगळ्यात जास्त वाद एअर फिल्टरवरून झाला. भाचा म्हणे, फिल्टरच नाही. उस्ताद म्हणे, हरवला असेल, नीट शोध. शेवटी कळलं की या इंजिनांना बहुतेक वेळा फिल्टर नसतोच. बर्फात धूळ नसते, आणि फिल्टर ओला होऊन गोठला तर इंजिन गुदमरेल. सोलापुरात फिल्टरशिवाय इंजिन चालवलं तर एका हंगामात रिंगा खलास. ऑइलही तिथे थंडीत पातळ राहणारं ५डब्ल्यू-३० लागतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा घट्ट २०डब्ल्यू-४० वर भिस्त.

एका गोष्टीवर मात्र उस्ताद हटून बसले: नळकांड्यात बर्फ अडकला तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी. पट्ट्यात अडकलेला ताण सुटला की पंखा एक झटका मारतो, बोटं जायला तेवढा पुरे. लाकडाचा दांडका घे, म्हणाले. भाच्यानं दांडका मशीनला बांधूनच टाकलाय.

धंद्याच्या गोष्टीत हे सगळं सांगायचं कारण आहे. हात न लावता, फक्त प्रश्न विचारून दोष शोधायची सवय आम्हाला या मशीननं लावली. त्याआधी मंगळवेढ्याहून फोन आला की आमचं उत्तर ठरलेलं: घेऊन या. आता आधी विचारतो. पेट्रोल कधीचं? चोकवर चालतं का? दोरी जड लागते की सैल? प्लग काढल्यावर ओला आहे का काळा? नुसत्या एवढ्यावर बरेच पंप शेतातच चालू होतात. बहार धरायच्या आधी, पंप महिनोन्‌महिने गोठ्यात पडून राहिल्यावर, असे फोन रांगेनं येतात. अशा वेळी सांगतो की पुढच्या खेपेला पंप ठेवण्याआधी कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, वाटीत थेंब राहायला नको.

फोनवरच्या सल्ल्याचे पैसे घेत नाही. दुकानातल्या पोराला सुरुवातीला ते पटायचं नाही, काम हातचं जातंय असं त्याला वाटे. पण ज्याची फेरी वाचली तो पुढे वीडर घ्यायला आपल्याकडेच येतो, हे त्यानं स्वतः पाहिलं. जे फोनवर सुटत नाही तेच आता गाडीत घालून येतं, त्यामुळे कामं थोडी कमी झाली आणि अवघड झाली. बिलंही तशी मोठी होतात, हे लपवत नाही.

भाच्याच्या शेजारच्या गल्लीतला एक गृहस्थ आता आपलं मशीन घेऊन त्याच्या गॅरेजपाशी येऊन गेलाय. भाचा विचारतो, मामा, तुमच्या दुकानाची शाखा काढू का? उस्तादांनी आधी त्याला ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचा गॅप लावायला शिकवायचं ठरवलंय.

सध्या आमच्या टेबलावर रॉकेलवरचा एक जुना पंपसेट आहे. ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोचा करंट आला, रिंगा बसल्या, वाल्व घासून झाले. फक्त दोरीच्या चरखीवरचं पत्र्याचं झाकण नाही. आसरा चौकापासून मंगळवार बाजारापर्यंतचं भंगार पालथं घातलंय. कुणाच्या माळ्यावर असलं, वाकलेलं असलं तरी चालेल, आम्ही ठोकून सरळ करू.