दोन मोजण्या आणि ३४० मीटर फुटपाथ

"मॅडम, जनगणना सुरू झाली का?" वडापावच्या गाडीवरच्या दादांनी विचारलं.

जानेवारीतली सकाळ, साडेसातची वेळ. मी शाळेच्या फाट्यावर त्यांच्याच गाडीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर चौकडीची वही. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक रेघ, पाचवी रेघ आडवी. पलीकडच्या बाजूला आमच्या सोसायटीतला अकरावीतला मुलगा गाड्या मोजत होता आणि मधूनमधून ओरडत होता, "काकू, टेम्पो कशात धरू?"

माणसं मोजायची वेळ का आली, ते सांगते. शहराचं नाव मात्र लिहीत नाही. यात ज्यांनी मदत केली त्यांच्या नोकऱ्या अजून चालू आहेत.

आमचं गाव काही वर्षांपूर्वी महापालिकेत आलं. विकास आराखड्यात मुख्य रस्ता १८ मीटरचा. प्रत्यक्षात तो कुठे ११, कुठे ९ आणि जुन्या वाड्यापाशी जेमतेम ७ मीटर. दोन्ही बाजूंना सात-सात मजली सोसायट्या, मधेच उसाचा तुकडा, मधेच गोठा. ज्या बिल्डरने फुटपाथ केला तो त्याच्या इमारतीपुरता. इमारत संपली की फुटपाथ संपला, पुढे दीड फूट खाली माती. आणि जिथे तो आहे तिथे त्यावर डीपी. आमच्याकडे डीपी म्हणजे विकास आराखडाही आणि विजेची ती राखाडी पेटीही, त्यामुळे 'डीपी रस्त्यावर डीपी आली' हे वाक्य आम्ही हसत म्हणतो आणि बाजूने रस्त्यावर उतरतो.

२०२३ च्या पावसाळ्यात शेजारच्या आजी अशाच उतरल्या. खड्डा चुकवणाऱ्या दुचाकीचा आरसा लागला, त्या पडल्या, मनगट मोडलं. मी ॲपवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी 'तक्रारीचे निराकरण झाले' असा संदेश आला, सोबत नवीन बसवलेल्या चेंबरच्या झाकणाचा फोटो. चेंबर भलत्याच रस्त्यावरचं होतं. झाकण छान होतं, ते मान्य.

मग क्षेत्रीय कार्यालय. एरवी माणूस नगरसेवकाकडे जातो, पण तेव्हा पालिकेत नगरसेवक नव्हतेच, प्रशासक होते. माजी नगरसेवक भेटले, चहा पाजला आणि "आम्हालाच कोणी विचारत नाही ताई" म्हणाले. पथ विभागातला कनिष्ठ अभियंता माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने नकाशा पुढे ओढला आणि म्हणाला, "फुटपाथला पैसे आहेत हो मॅडम. जागा ताब्यात नाही."

तोपर्यंत मला वाटायचं की रस्ता म्हणजे पालिकेचाच. तसं नसतं. आराखड्यावर रेघ मारली म्हणून जमीन पालिकेची होत नाही. ती मालकाकडून रोख मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) देऊन घ्यावी लागते, आणि ताबेपावती होईपर्यंत तिथे एक फरशी बसवली तरी ऑडिटमध्ये आक्षेप येतो. म्हणून कोणाच्या पुढची जागा ताब्यात आहे हे काढायला माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. पहिला अर्ज वाया गेला, कारण मी लिहिलं होतं, 'या रस्त्याला सलग फुटपाथ का नाही?' उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. चूक माझीच. 'का' हे कागदपत्र नाही. दुसऱ्या अर्जात फक्त कागद मागितले: आराखड्याच्या त्या भागाची प्रत, रस्त्यालगतच्या गटांच्या ताबेपावत्या, मंजूर बांधकाम नकाशे. हे मिळाले. कोणाला असा अर्ज करायचा असेल तर एवढंच ध्यानात ठेवा.

कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. शाळेपासून बसथांब्यापर्यंत आमच्या बाजूला नऊ तुकडे. त्यातले सहा पालिकेकडे आलेले होते, रीतसर सहीशिक्क्यासह. म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची माहितीही अर्धीच. मग ती जागा आहे कुठे? मी टेप घेऊन खाली गेले. तीन मीटरची पट्टी होती की! तिच्यावर आमच्या सोसायटीचं लॉन होतं, वॉचमनची केबिन होती, 'अभ्यागतांसाठी पार्किंग' अशी पाटी होती आणि पाटीखाली रहिवाशांच्याच चौदा गाड्या. बिल्डरने ही पट्टी रस्त्याला दिली, बदल्यात एफएसआय घेतला, वर मजला चढवला आणि कुंपण होतं तिथेच बांधलं. मी सातव्या मजल्यावर राहते. माझा हॉल बहुधा त्याच एफएसआयवर उभा आहे.

इथून पुढचे आठ महिने पालिकेपेक्षा सोसायटीत जास्त गेले. सर्वसाधारण सभेत विषय मांडला तेव्हा अध्यक्ष काका आधी हसले, मग चिडले. "आपल्या घराची भिंत आपणच पाडायची? शेजारच्यांनी आधी पाडू दे." शेजारच्या सोसायटीत नेमकं हेच वाक्य आमच्याबद्दल बोललं जात होतं, हे मला दूधवाल्याकडून कळलं. चौदा गाड्यांपैकी एक माझ्या दिराची. घरातही दोन आठवडे जरा थंडच होते. मी नकाशाची मोठी प्रत लिफ्टशेजारी लावली. ती दोनदा फाडली गेली, तिसऱ्यांदा टिकली. शेवटी वळण दिलं ते ज्यांचं मनगट मोडलं होतं त्या आजींनी. सभेत उठून त्या फक्त म्हणाल्या, "त्या दिवशी मी ज्या जागेवरून चालायला हवं होतं, तिथे तुमची पांढरी गाडी होती, काका." कोणी काही बोललं नाही. ठराव एका मताने पास झाला. शब्दशः एका मताने, बावीस विरुद्ध एकवीस.

ठराव घेऊन कार्यकारी अभियंत्यांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला. "चांगलं आहे. पण या रस्त्याला प्रायॉरिटी का द्यायची? ट्रॅफिक सर्व्हे बघा, वाहनं वाढलीत, रस्ताच रुंद करून मागतात सगळे." सर्व्हे मागून घेतला. दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक, सगळ्यांचे रकाने होते. पायी चालणाऱ्यांचा नव्हता. त्या कागदाच्या लेखी आमच्या रस्त्यावर एकही माणूस चालत नव्हता.

म्हणून ती वही आणि ती प्लास्टिकची खुर्ची. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांसाठी १०३ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे, तिच्या २०१२ च्या आवृत्तीत एक सोपं गणित दिलेलं आहे. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यायची, तिला त्याच तासातल्या वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणायचं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर दहा कोटींच्या वर गेलं, तर तिथे नियंत्रित क्रॉसिंगचा विचार करायला हवा. आमची माणसं ३८६, वाहनं १२४०. गुणाकार एकोणसाठ कोटींच्या वर. अकरावीतल्या मुलाने कॅल्क्युलेटर तीनदा दाबला. टेम्पो आम्ही वाहनांतच धरले होते, म्हणजे एक वाहन. गाड्यांना वेगवेगळं वजन देण्याची पद्धत असते, पण साध्या मोजणीतच एवढा आकडा आल्यावर त्यात शिरलोच नाही.

मोजताना गणिताबाहेरचंही दिसलं. शाळेत येणारी निम्मी मुलं मोठ्या भावंडाचा हात धरून येतात. हात धरलेलं मूल नेहमी गाड्यांच्या बाजूला असतं, कारण मोठ्याचा मोकळा हात दप्तरात गुंतलेला असतो. कामाला येणाऱ्या बायका बसमधून उतरून घोळक्याने ओलांडतात, एकटी कोणी ओलांडत नाही. हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. अर्जात घातलं नाही, आता वाटतं घालायला हवं होतं.

एका रविवारी आम्ही पाच जण पुण्याला जंगली महाराज रस्त्यावर टेप घेऊन गेलो. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणलं आणि हा रस्ता त्या सुमाराला नव्याने आखला गेला. रुंद फुटपाथ, बाक, मुलांना खेळायला जागा, गाड्यांसाठी आखून दिलेले खाचे. अध्यक्ष काकाही आले होते. बाकावर बसून मस्तानी प्यायले आणि म्हणाले, "हे आपल्याकडे नाही होणार." खरंच होणार नव्हतं. तो रुंद, एकेरी वाहतुकीचा रस्ता. आमच्याकडे समोरासमोर दोन बस आल्या की एक कंडक्टर खाली उतरतो. पण चालायची मोकळी पट्टी वेगळी आणि झाडं, खांब, पेट्या, बाक यांची पट्टी वेगळी, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. मार्गदर्शिकेतही तसंच आहे: चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी जागा, बाकी सगळं तिच्या बाहेर. आमच्या तीन मीटरमध्ये दोन्ही बसत होतं. ३.० मधून १.८ गेले, उरले १.२. त्यात विजेची डीपीही मावते आणि रस्त्याकडेचं चिंचेचं झाडही.

वडापावची गाडीही मावते. यावर आमच्यातच भांडण झालं. दोन सोसायट्यांचं म्हणणं, फुटपाथ करायचाच तर गाड्या आधी हटवा. मी विरोधात होते, आणि फक्त २०१४ चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षणाशिवाय असं हटवू देत नाही म्हणून नव्हे. पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर एकमेव दिवा त्या गाडीचा असतो. पहिल्या बसला जाणाऱ्या मुली तिथेच उभ्या राहतात. आता गाडी चिंचेखाली, १.२ मीटरच्या पट्टीत आहे.

वाहतूक पोलिसांचं काम तुलनेने लवकर झालं. त्यांनी एका बाजूला नो पार्किंग, दुसऱ्या बाजूला पार्किंग असा आदेश आधी प्रायोगिक तत्त्वावर काढला आणि हरकती-सूचना मागवल्या. मेडिकलवाल्यांनी हरकत घेतली की गिऱ्हाईक तुटेल. त्यांच्या दारात दोन तास मोजलं. बहुतेक गिऱ्हाईक चालतच येत होतं. ते स्वतः शेजारी उभे राहून रेघा बघत होते. हरकत मागे घेतली नाही, पण सुनावणीला आले नाहीत.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पादचाऱ्यांना फुटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या आदेशाची प्रत आमच्या पत्राला जोडली. तिने किती फरक पडला कोण जाणे, पण पुढच्या भेटीत कार्यकारी अभियंत्यांनी खुर्ची दिली.

निविदा निघाली, कार्यादेश झाला, काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात थांबवावं लागलं. ठेकेदाराने कडेचा दगड फूटभर उंच लावला होता. "एवढा ठेवला नाही तर दुचाक्या चढतात, ताई." मार्गदर्शिका सांगते जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे अर्धा फूट. मी आजींना बोलावलं आणि चढून दाखवा म्हटलं. त्यांनी एक पाय वर टाकला, दुसरा उचलेना. सुपरवायझरने स्वतः हात धरून खाली उतरवलं. दगड उपटले. दुचाक्या अडवायला बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावले, दोघांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवून, म्हणजे व्हीलचेअर जाते. स्कूटरही जाते, हे नंतर कळलं.

सगळं जमलं नाही. प्रत्येक गेटसमोर फुटपाथ खाली उतरू नये, गाडीने चढून जावं, अशी मागणी होती. सातपैकी चार गेटांवर तसं झालं, तिथे चाल सपाट आहे. उरलेल्या तिन्ही ठिकाणी घसरगुंडी. शाळेसमोर रात्रीतून राडारोड्याचा गतिरोधक कोणीतरी घातला होता, मणका हलवणारा. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, हे सांगून तो काढायला लावला आणि तिथे फुटपाथच्या पातळीचं उंच क्रॉसिंग झालं. मुलं आता त्यावर लंगडी खेळतात. रस्ता ओलांडायला ती जागा आहे हे त्यांना अजून पटलेलं नाही.

९०० मीटर मागितले होते, ३४० झाले. वाड्यापाशी फुटपाथ थांबतो. तो तुकडा ताब्यात नाही, खराखुरा नाही. वाड्याच्या मालकांना टीडीआर नको, रोख हवी, आणि किती जागा जाते तेही त्यांना मान्य नाही. गेल्या महिन्यात पालिकेने पैसे भरले आणि भूमी अभिलेख कार्यालयाची संयुक्त मोजणी लागली. मोजणीदार यंत्र लावत होते तेव्हा मालक ओट्यावर बसले होते. हा ओटा त्यांच्या वडिलांनी बांधला. खूण नेमकी ओट्याच्या मधोमध पडली, चुन्याने फुली मारली. त्यांनी बराच वेळ ती फुली पाहिली आणि मला विचारलं, "तुम्ही माणसं मोजता ना? या ओट्यावर संध्याकाळी किती बसतात, तेही एकदा मोजा."

मंगळवारी साडेपाचला वही घेऊन जाणार आहे.