पडीक होतं तोवर सगळ्यांचं होतं

ऑक्टोबरअखेरच्या त्या दिवशी काम एवढंच होतं, गायरानातल्या गवताचं सुकं वजन काढायचं आणि दुपारच्या लिलावाआधी आकडा पाणलोट समितीपुढे ठेवायचा. ६० हेक्टरांचा माळ, दोन पावसाळे चराईबंदी पाळलेला. गाव पर्जन्यछायेतलं, पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, खाली नुसता मुरूम.

वजनाची रीत सोपी आहे, म्हणूनच ती चुकवली जाते. १ मीटर बाय १ मीटरची लोखंडी चौकट. ती दाट गवतावर ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून ५० पावलं चालायचं, पाठ फिरवून खांद्यावरून फेकायची आणि पडेल तिथे कापायचं. खडकावर पडली तर शून्य लिहायचं. ते शून्य खोडून दुसऱ्यांदा फेकणारे सहकारी मी पाहिलेत. अहवाल त्यांचेच देखणे असतात. विळा जमिनीपासून चार बोटं वर चालवायचा, बुडखा राहिला तरच पुढच्या पावसात फुटवा येतो. कापल्या कापल्या ओलं वजन, मग पत्र्यावर वाळवून सुकं. आमचे नमुने चार दिवस आधीच वाळत घातले होते. सरासरी २१० ग्रॅम भरली. चौरस मीटरच्या ग्रॅमला १० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात, म्हणजे २,१०० किलो. समितीने सरकारी बोली परस्पर ओल्या वजनावर ठरवून टाकली होती, दुपटीहून जास्त. ऑक्टोबरातल्या गवतात निम्म्याहून अधिक पाणीच असतं, हे सांगण्यात माझा तास गेला.

गवत मात्र खरंच आलं होतं. पहिल्या वर्षी नुसती कुसळी हे हलकं गवत, दुसऱ्या वर्षी तिच्यातून डोंगरी आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं डोकावली, पाणी अडवायला उताराला आडव्या खणलेल्या चराच्या खालच्या अंगाला जिथे गाळ आणि ओल टिकते तिथे मारवेल. याचं श्रेय चरांना. ए-फ्रेमचा, म्हणजे समपातळी मोजायच्या A आकाराच्या चौकटीचा, ओळंबा दोन्ही बाजूंनी तपासून समपातळी धरली होती आणि चरात ठरावीक अंतरावर न खोदलेली माती आडवी सोडली होती. ती नसेल तर एक चर फुटला की सगळ्या रांगेचं पाणी त्याच तोंडातून निघून जातं.

लिलाव मारुतीच्या देवळात. बोली लावणारे तिघे, तिघांकडे म्हशींचे गोठे, आणि विहिरीही माळाच्या उताराखालीच. चरांत मुरलेलं पाणी त्यांच्याच विहिरींना आधी लागलं होतं. वरच्या वस्तीतली भूमिहीन कुटुंबं दाराशी उभी होती. मी पुढे होऊन म्हटलं, बोली नाही जमली तर रोज एक भारा कापून न्यायची मुभा ठरावात आहे. आमचा ठरलेला तोडगा, चराई बंद पण कापून न्या.

तेव्हा वस्तीतल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, शेरडू भाऱ्यावर जगतंय व्हय? त्याला पाला लागतो. गवत म्हशीला."

देवळात कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

शेळी झुडपांवर जगणारं जनावर. बोरी, हिवर, बाभळीच्या शेंगा. गवत ती तोंडी लावायला खाते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण चराईबंदीच्या ठरावाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे चरांच्या भरावावर आम्ही गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि करंज लावले होते. का, तर शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, रोपं जगतात आणि जगण्याचं प्रमाण कागदावर चांगलं दिसतं. म्हणजे उद्या माळ खुला केला तरी वस्तीच्या शेळ्यांना तिथे खायला फारसं काही नाही. रोपांची यादी तांत्रिक बाब म्हणून मंजूर झाली होती. गावात कुणाकडे कोणतं जनावर आहे, हा प्रश्न त्या तक्त्यात नव्हताच.

आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीतली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आपल्याकडे सगळे जण घोकतात. पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून माणसाला जोडला, माणशी अर्धा एकरापुरतं पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी, ते मात्र प्रशिक्षणात पाच मिनिटांत उरकतात. हा माळ उजाड होता तोवर त्याची कुणाला पडली नव्हती, शेरडं कुठेही फिरत. गवत आलं तसा त्याला भाव आला, आणि भाव आल्यावर आधी तीच बाहेर गेली. ते गवत आणण्यात माझाही हात आहे.

लिलाव आठ दिवस पुढे ढकलला आणि मग झालाच. गवत दोघांनी मिळून घेतलं. वस्तीतल्या बायकांना कापणीची मजुरी मिळाली, भाऱ्यावर. अहवालात 'भूमिहीन लाभार्थी' असा रकाना असतो. तो त्यांच्या संख्येने भरला गेला, माझ्याच अक्षरात. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याकडचे २ हेक्टर बोर, हिवर आणि बाभळीसाठी सोडावेत आणि तिसऱ्या वर्षापासून पाळीपाळीने शेळ्यांना उघडावेत, असा प्रस्ताव मी दिला आहे. समितीचं म्हणणं, राखण कोण करणार? गोठेवाल्यांच्या गवताची राखण दोन वर्षं वस्तीतल्याच पोरांनी केली, हे तिथे कुणाला आठवलं नाही.

त्या आजींनी परवा एक गोणी पाठवली. शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्या झाडून निवडलेलं बाभळीचं बी. शेळीच्या पोटातून गेलेलं बी टणक सालीचं असूनही लवकर उगवतं, रोपवाटिकावालेही ते मागून नेतात. गोणी कार्यालयात टेबलाखाली आहे. मंजूर रोपांच्या यादीत बाभूळ नाही.