एरंडोलजवळ लागलेला पिवळा दिवा

धुळ्याला जाताना एरंडोल सोडलं आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. अ‍ॅव्हरेज महिनाभर घसरत होतं. मी उगाच पेट्रोलवर संशय घेत होतो.

जळगावला परतल्यावर गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी ०१३५. म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. एक गॅरेजवाला लगेच म्हणाला, "सेन्सर बदला." अरे, कोड सर्किटचा आहे, फ्यूज तरी बघ! फ्यूज शाबूत. वायर उंदरांनी कुरतडलेली नाही (घरात कापूस भरला की ते गाडीतही शिरतात). मग प्लग काढून सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींना मल्टीमीटर लावला. थोडे ओहम, म्हणजे थोडा विजेचा रोध, दिसायला हवे होते, काहीच नाही. हीटर तुटलेला. सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट वाचत नाही. तोवर गाडी अंदाजाने पेट्रोल पिते. माझ्या फेऱ्या सगळ्या गावातल्या, छोट्या; हीटरशिवाय सेन्सर तापायला वेळच कमी.

काढताना खरी कसोटी. इंजिन कोमट, आट्यांवर गंजाचं तेल, २२ चा पाना. शेजारचा मिस्त्री ओरडला, "भो, झटका देऊ नको, आटे जातील!" अर्ध्या तासाने कर्रर्र करून सुटला. टोक काजळीने काळंकुट्ट. नव्या सेन्सरच्या टोकाला हात लावू दिला नाही मिस्त्रीने. कोड पुसला, पारोळ्यापर्यंत जाऊन आलो. दिवा नाही.