पुठ्ठ्यावरचे थेंब

खाली वाईला माझ्या गॅरेजात आली की गाडी कोरडी. वर पाचगणीला सरांच्या फरशीवर उभी राहिली की गळायची. तीन आठवडे हाच खेळ चालला होता आणि त्यातली पहिली चूक माझीच होती.

गाडी 2009ची, टर्बो डिझेल, एक लाख अडतीस हजार किलोमीटर पळालेली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कंपनीचा यात काही दोष नव्हता. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. पहिल्यांदा आले तेव्हा बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला ऑइल लोंबत होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल दिसलं की आमच्यात डोळे झाकून एकच नाव घेतात, क्रँकचा मागचा सील, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर पडतो तिथली रबरी रिंग. मीही तेच घेतलं. गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील काढलं. फ्लायव्हीलची सीलकडची मागची बाजू चक्क कोरडी होती. जुन्या सीलचं रबरही मऊच होतं. तिथंच हात थांबायला हवा होता. पण गाडी एवढी उघडल्यावर ‘सर, सील चांगला होता’ म्हणायला छाती लागते. नवा बसवला, इंजिन धुतलं, अर्धा तास चालू ठेवून खाली बॅटरी मारली. थेंब नाही. बिल दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. “अरे, गळतंय की रे.”

पुन्हा आले, पुन्हा धुतलं, पुन्हा कोरडं. मधल्या काळात सरांनी दुसरीकडेही दाखवलं. तिथं इंटरकूलरचा होज, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारी नळी, काढून आतलं ऑइल दाखवलं आणि टर्बो बदला म्हणून सांगितलं. खर्च तीस-पस्तीस हजार. सर बिथरले आणि गाडीबरोबर एक पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आले.

तो पुठ्ठा मी अजून विसरलो नाही. फ्रिजच्या खोक्याचा, गाडीखाली रोज अंथरलेला. प्रत्येक थेंबाभोवती लाल पेनानं गोल, शेजारी तारीख आणि गाडी कुठून आली ते. “बाजार – 0.” “पोस्ट – 0.” “वाई – 11.” “बाजार – 1.” “वाई – 14.” पेपर तपासल्यासारखं काम. मी दोनदा वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. वाईहून पाचगणी म्हणजे पसरणीचा घाट, बारा-तेरा किलोमीटर सगळी चढण. इंजिनावर लोड, टर्बो पूर्ण जोरात. माझ्याकडे येताना तीच गाडी उतरून येते, इंजिनाला काही कामच नसतं. मी तपासत होतो ती गाडी आणि सरांची गळणारी गाडी जणू वेगळ्याच होत्या.

मग इंजिन धुऊन कॉम्प्रेसरनं सुकवलं, ऑइलमध्ये तपासणीचा रंग टाकला आणि सरांना शेजारी बसवून घाट चढलो. वर गेल्यावर गाडी सरांच्या शेडमध्ये घातली, अंधार केला, निळी बॅटरी आणि सरांचा दाढीचा आरसा घेऊन बॉनेटमध्ये वाकलो. आरशात टर्बोच्या पोटाखालून निघालेली हिरवट पिवळी रेघ चमकत होती. ब्लॉकच्या पाठीवरून तिरकी उतरून थेट बेल हाउसिंगवर. ऑइल निघत होतं वरून, टपकत होतं खालून, आणि मी खालचं उघडून बसलो होतो.

रेघ टर्बोच्या रिटर्न पाइपच्या पॅकिंगपासून निघत होती. पॅकिंग बदलून मोकळं होता आलं असतं, पण होजमधलं ऑइल मनातून जाईना. टर्बोला ऑइल नेणारा पाइप पेन्सिलीएवढा, त्यात पंपाचं प्रेशर. परतीचा पाइप बोटभर जाड आणि त्यात प्रेशर काहीच नाही, ऑइल आपल्या वजनानं खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत पडतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तिथं रबरी सील टिकत नाही, नुसत्या बारीक रिंगा असतात. चेंबरमध्येच हवा कोंडली तर ऑइल परतणार कुठं? मिळेल त्या फटीतून बाहेर, नाहीतर रिंगांवरून होजमध्ये.

गाडी खाली आणली. गवंड्याची लेव्हलची नळी असते ना, तसली पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक ऑइल मोजायच्या डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवलं. आयडलला पाणी थोडं हललं. तीन हजार आरपीएमला एका बाजूला वीतभर चढलं. पिस्टनच्या रिंगांवरून थोडी हवा चेंबरमध्ये उतरतेच, ती बाहेर सोडणारी वाट म्हणजे ब्रीदर आणि तिच्यातलं ऑइल अडवणारा सेपरेटर. तो सेपरेटर काढून फुंकर मारली तर हवा पुढं जायचं नाव नाही, माझेच गाल फुगले. आत दुधाच्या सायीसारखा पांढरट चिखल. गॅरेजातला पोरगा म्हणाला, “हेड गॅस्केट गेलं.” त्याचं चूक नव्हतं, साय दिसली की पहिला संशय तोच, ते गॅस्केट गेलं की कूलंटचं पाणी ऑइलमध्ये शिरतं. पण कूलंटची पातळी जिथल्या तिथं होती. ही साय पाचगणीच्या पावसाळ्याची होती. सर रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत. ऑइल नीट तापतच नाही, आतली वाफ उडून जात नाही, ऑइलमध्ये मिसळून ब्रीदरमध्ये साचते.

नवा सेपरेटर, रिटर्न पाइपचं पॅकिंग, नवं ऑइल. पुन्हा नळी लावली, तीन हजारला पाणी जेमतेम बोटभर हललं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा निर्दोष, टर्बोही निर्दोष. शाफ्ट बोटानं हलवून बघितला होता, खेळ नव्हता. सीलची मजुरी मी या बिलातून वजा केली. सर नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा सकाळी सातला फोन. पोटात गोळाच आला.

“एक थेंब आहे.”

“सर, बोट लावून वास घ्या.”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग, “पाणी आहे रे. काल घाटात एसी लावला होता.”

पुढच्या सर्व्हिसला पुठ्ठा बघितला. त्या थेंबालाही लाल गोल होता, शेजारी लिहिलेलं, “वाई – 0. (पाणी 1.)”